गाण्याने भिंत पडत नाही, मान्य, मग पुढे?

मुंबईतल्या सामाजिक संघटनांच्या बैठकांमध्ये, आणि खरे तर बैठक संपल्यावर जिन्यात रेंगाळणाऱ्या चर्चेत, सध्या एक वाद वारंवार निघतो. वस्त्यांमध्ये चालणारे चित्रांचे आणि गाण्यांचे वर्ग, गोधड्या शिवता शिवता मन मोकळे करणारे बायकांचे गट, थकून गेलेल्या कार्यकर्त्यांसाठी भरणारी समुपदेशनाची शिबिरे, या सगळ्याला प्रतिकार म्हणावे की नाही, असा तो वाद आहे. एका बाजूचे म्हणणे असे की ही सारी मलमपट्टी आहे. मोर्चा काढण्याची धमक संपली म्हणून आता रंगपेट्या बाहेर निघाल्या आहेत. दुसरी बाजू तितक्याच उत्साहाने सांगते की शोषिताने हसणे, गाणे, विसावणे हेच मुळात बंड असून त्याला आणखी कशाची जोड लागत नाही. पहिल्या बाजूचे बहुतेक वक्ते अशा एखाद्या गटात दुपारभर बसलेले नसतात, आणि दुसऱ्या बाजूच्या बहुतेकांना वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवरून ‘उद्या या’ ऐकून परतण्याची वेळ कधी आलेली नसते. त्यामुळे वाद तापतो, पण पुढे सरकत नाही.

माझी भूमिका आधीच सांगून टाकते. निर्मिती आणि उपचार ही प्रतिकाराची खरीखुरी अंगे आहेत. लढ्याआधीची तयारी किंवा लढ्यानंतरची विश्रांती एवढाच त्यांचा दर्जा मानणे चूक आहे. मात्र प्रत्येक गाणे आणि प्रत्येक हुंदका आपोआप या मानाला पात्र ठरत नाही. त्यासाठी एक कसोटी लावावी लागते. या कृतीतून दुःखाचे कारण माणसाच्या आतून बाहेर येते का? ज्याला आपण आपले नशीब, आपली कमजोरी, आपल्या घराण्याचा दोष समजत होतो ते कुणीतरी केलेले आहे, आणि म्हणून त्याचा जाब कुणालातरी विचारता येईल, इथपर्यंत माणूस पोचतो का? पोचत असेल तर तो प्रतिकार आहे, मग हातात फलकाऐवजी सुईदोरा का असेना. पोचत नसेल तर तो विरंगुळा आहे. विरंगुळ्याला मी कमी लेखत नाही, पण त्याला दुसऱ्याचे नाव देऊ नये.

हीच कसोटी का, हे कळण्यासाठी दडपशाही रोजच्या रोज कशी चालते ते पाहावे लागते. लाठी आणि गोळी ही तिची महागडी हत्यारे आहेत आणि ती क्वचित बाहेर निघतात. एरवी तिचे काम फार स्वस्तात होते, कारण दबलेल्या माणसाला स्वतःविषयी जे वाटते तेच तिच्या उपयोगी पडते. डिसेंबर १९२७मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांपुढे बोलले, तेव्हा लुगडे कसे नेसावे आणि जात दुरून ओळखू यावी अशा धाटणीचे दागिने का टाकून द्यावेत, हेही त्यांनी सांगितले. चवदार तळ्याचा प्रश्न त्या वेळी न्यायालयाच्या मनाई हुकुमात अडकला होता. आजच्या वादातला एखादा करारी गृहस्थ तिथे असता तर त्याने नक्की विचारले असते की तळे कोर्टात गेलेले असताना इथे निऱ्यांची चर्चा कशाला? पण नेसण बदलणे हे तळ्याच्या लढ्यातलेच काम होते. जिला आपण पाणी भरण्यास पात्रच नाही असे लहानपणापासून अंगावरच्या प्रत्येक वस्तूने शिकवले आहे, तिला हक्काचा कायदा वाचून दाखवला तरी तिचे पाऊल पायरीवर पडत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत हे आणखी स्पष्टपणे घडले. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला आणि १८८४मध्ये नवऱ्याने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. दावा चालू असताना, १८८५मध्ये, ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने त्यांची बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरची पत्रे टाइम्स ऑफ इंडियात छापून आली. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला, अपिलात तो फिरला, आणि १८८७मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे १८८८मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन त्यांनी आयुष्यभर स्त्रियांवर उपचार केले. आता यातला प्रतिकार नेमका कोणता? कोर्टातला नकार, हे उत्तर सगळेच देतील. पण तो नकार एका घरातले भांडण म्हणून विरून गेला नाही, तो त्या पत्रांमुळे. नांदायला न जाणारी एक हट्टी मुलगी, अशी गोष्ट सांगितली जात होती; पत्रांनी ती उलटवून लहान मुलींना संसाराला जुंपणारी एक रीत, अशी केली. केसरीने त्यांच्यावर एवढी टीका का करावी? सुतार जातीतल्या एका घरातली मुलगी कुठे राहते याने पुण्याच्या संपादकाचे काय बिघडत होते? बिघडत होते ते लिहिण्याने. १८९१चा संमतिवयाचा कायदा ज्या वादळातून आला, त्या वादळात या खटल्याचा आणि या लेखणीचा मोठा वाटा होता. आणि डॉक्टरकीचे म्हणाल, तर पुरुष डॉक्टरला नाडी दाखवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायकांच्या काळात बायकांना बरे करणारी बाई ही नुसती सेवाभावी व्यक्ती होती, असे म्हणणे मला तरी अपुरे वाटते.

आता विरोधी बाजूचे सर्वांत वजनदार म्हणणे घेते. प्रेशर कुकरची शिट्टी वाजली की कुकर फुटत नाही, तसे दुःखाला गाण्यातून वाट मिळाली की अन्याय करणाऱ्याचेच फावते, असे हे म्हणणे आहे. ते खोटे नाही. जात्यावर बसून बायकांनी सासुरवासाच्या ओव्या शतकानुशतके म्हटल्या. एकट्या महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत लाखाहून अधिक ओव्यांची नोंद झाली आहे, आणि त्यांत सासू, नवरा, भाऊ, बाप, पाटील, कुणालाही सोडलेले नाही. तरी पहाटेचे दळण थांबले का? जाते थांबले ते गिरणीचा पट्टा फिरू लागला तेव्हा, ओवीमुळे नव्हे. आपल्या लोकलचेच पाहा. विरार किंवा कल्याणहून सुटणाऱ्या गाडीत झांजा वाजवत भजन म्हणणारी मंडळे आहेत. दीड तास एका पायावर उभे राहण्याचा छळ त्या अभंगांमुळे सुसह्य होतो आणि माणूस कामावर जरा बऱ्या चेहऱ्याने पोचतो. पण मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरतात, हा प्रश्न त्या भजनातून कधी विचारला गेला आहे का? माझ्या कसोटीवर ते भजन उतरत नाही. ते म्हणणाऱ्यांनीही तसा दावा केलेला नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे; दावे करतो ते आपण, बाहेरून पाहणारे.

परंतु कुकरच्या शिट्टीच्या या मांडणीत एक गृहीतक लपले आहे. दुःख दाबून ठेवले की ते साठत जाते आणि एक दिवस क्रांती होऊन बाहेर पडते, असे ते गृहीतक. अनुभव असा आहे का? दाबलेले दुःख बहुतेक वेळा दारूत, बायकोच्या पाठीवर, पोराच्या कानशिलात, नाहीतर स्वतःच्याच छातीत उतरते. मुकाट्याने सोसणाऱ्या वस्त्या अधिक बंडखोर असतात असे असते, तर सर्वांत जास्त मुकाट्याने सोसणाऱ्या गावकुसाबाहेर सर्वांत आधी उठाव झाले असते. तिथे उठाव झाला तो वाचा फुटल्यानंतर. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिचे संस्थापक कोण, तर नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार, म्हणजे लिहिणारी तरुण मुले. कवितेने त्यांचा राग शांत केला नाही, त्याला पत्ता दिला. ओवीचेही तसेच आहे. ती एकेकीच्या जात्यापुरती राहिली तोवर ती दिलासा होती. पण दुसरी बाई तीच ओवी उचलून धरते, आपली एक ओळ जोडते आणि ‘तुझ्याकडेही असेच का?’ असे न विचारताच विचारले जाते, तेव्हा ती दिलाशाच्या पुढे एक पाऊल गेलेली असते. ते पाऊल लहान होते, हे मान्य. पुढचे पाऊल उचलायला कुणी नव्हते, हा ओवीचा दोष मानावा का?

दुसरा आक्षेप असा की सत्ता कलेला गिळते आणि ढेकरही देत नाही. यालाही पुरावे हवे तेवढे आहेत. नाझींनी चेकोस्लोव्हाकियातल्या तेरेझिन येथे ज्यूंना कोंडण्यासाठी जी छावणी केली होती, तिथे २३ जून १९४४ रोजी रेड क्रॉसचे पाहुणे आले, तेव्हा त्यांच्यासमोर कैदी मुलांची संगीतिका सादर करण्यात आली. पाहा, किती आनंदात आहेत ही मुले, असा तो देखावा होता. आपल्याकडेही ज्या अण्णा भाऊ साठ्यांच्या कलापथकाला स्वातंत्र्यानंतरच्या मुंबई सरकारने बंदीचा हिसका दाखवला, जे घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहिले आणि १९६९मध्ये हलाखीत गेले, त्यांचे पुढे टपाल तिकीट निघाले, पुतळे झाले, आणि ज्यांच्याविरुद्ध त्यांनी डफ वाजवला त्यांचेच वारसदार जयंतीला हार घालू लागले.

पण तेरेझिनची गोष्ट इथे संपत नाही. त्याच छावणीतले काही चित्रकार नाझींच्या आराखडा कार्यालयात कामाला होते आणि रात्री लपून ते खरे तेरेझिन काढत होते: अन्नाच्या रांगा, म्हातारे, प्रेते. रेड क्रॉसची भेट आटोपल्यावर महिन्याभरात त्यांना पकडून तुरुंगात टाकले आणि त्यांच्यावर खोटा अपप्रचार केल्याचा आरोप ठेवला. म्हणजे कोणते चित्र दाखवायचे आणि कोणत्या चित्रासाठी माणसाला तुरुंगात घालायचे, हे छावणीच्या अधिकाऱ्यांना नीट कळत होते. आपल्या वादातल्या दोन्ही बाजूंपेक्षा अधिक नीट, असे म्हणावेसे वाटते. तिथेच फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकार मुलांना चित्रकला शिकवत होती. प्रत्येक मुलाने आपल्या चित्रावर आपले नाव लिहावे, असा तिचा आग्रह असे. ऑक्टोबर १९४४मध्ये तिला आउशविट्झला नेऊन मारले. त्याआधी मुलांची सुमारे ४,५०० चित्रे दोन सुटकेसांमध्ये भरून लपवलेली होती, ती युद्धानंतर हाती लागली. त्या मुलांपैकी बहुतेक जण वाचली नाहीत. चित्रांनी त्यांचा जीव वाचवला नाही, हे ज्याला म्हणायचे आहे त्याने अवश्य म्हणावे. ज्या यंत्रणेला त्या मुलांचा फक्त आकडा ठेवायचा होता तिच्याविरुद्ध त्यांच्याच अक्षरातली त्यांची नावे उरली, याची नोंदही त्याने सोबत करावी.

सत्ताधाऱ्यांच्या या जाणकारीला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. नाटकांवर अंकुश ठेवणारा कायदा इंग्रजांनी १८७६मध्ये केला आणि १९१०मध्ये ‘कीचकवधा’वर बंदी घातली, कारण प्रेक्षकाला कीचकात व्हाइसरॉय राहिलेला कर्झन दिसत होता. गावोगावचे प्रेक्षक नाटक पाहून काही शस्त्रागारावर चाल करून जात नव्हते. तरीही बंदी आली. जुलै २०२५मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकात बेकायदेशीर कृत्याची व्याख्या करताना बोललेले आणि लिहिलेले शब्द, खुणा आणि दृश्य चित्रण यांचा उल्लेख आहे. चित्राने काही होत नाही, असे आपल्यातले जे ज्येष्ठ सहकारी सांगतात, त्यांचे कायदा करणाऱ्यांशी एकमत दिसत नाही.

तिसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो, कारण तो पोटाचा आणि छातीचा आहे. घर नाही, हवा नाही, पाणी नाही, तिथे तुम्ही काय रंगवता आणि कशाच्या जखमा भरता? मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींचे उदाहरण घ्या. रेल्वेमार्गालगतच्या आणि रस्त्यांच्या आड येणाऱ्या झोपड्यांतली कुटुंबे गेल्या पंचवीस वर्षांत इथल्या सात-आठ मजली इमारतींमध्ये आणून भरली गेली. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नावाखाली बांधकामाचे नियम सैल केल्यामुळे दोन इमारतींमध्ये जेमतेम काही फुटांची फट राहिली. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींचा डॉक्टरांनी आणि बांधकामाच्या अभ्यासकांनी मिळून अभ्यास केला, तेव्हा उजेड आणि वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग अधिक असल्याचे दिसले. क्षयाला औषध लागते, तेही साधारण सहा महिने, न चुकता. ऊन लागते. गाणे लागत नाही. हे मी पूर्णपणे मान्य करते, आणि ज्या संस्था औषधाच्या जागी ‘मनःशांती’ वाटत फिरतात त्यांच्याविषयी मला अजिबात सहानुभूती नाही.

अशाच एका वसाहतीत तळमजल्यावरच्या सोसायटीच्या खोलीत, भर दुपारी ट्यूबलाइट लावून, दहाबारा बायका जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर आपापले घर काढत होत्या. काम साधे होते: घर काढा, त्यात तुम्ही कुठे बसता ते दाखवा. चित्रे मध्ये मांडली तेव्हा दिसले की एक वगळता सगळ्यांनी खिडकी काळ्या स्केचपेनने भरून टाकली होती. वगळलेली बाई सातव्या मजल्यावर राहणारी. मग बोलणे खोकल्यावर आले. एकीने सांगितले, “पोरीला हे बापाकडूनच आलंय. त्यांच्या घराण्यात सगळ्यांचीच छाती कच्ची.” दुसरी म्हणाली की तिच्या सासरी कुणालाच कधी नव्हते, गोवंडीला झोपडीत होते तेव्हाही नव्हते, इथे आल्यावर दोघांना झाले. यावर कोपऱ्यातून एक आवाज आला, “मग बिल्डिंगलाच टीबी झालाय म्हणायचा.” सगळ्या हसल्या, आणि मग बराच वेळ कुणी हसेना. पुढच्या आठवड्यात त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीतून साडी सोडली. समोरच्या इमारतीतल्या बाईने गजातून हात काढून दुसरे टोक धरले. निम्मी साडी हातात उरली. दोन इमारतींमधले अंतर त्यांनी असे मोजले, आणि ते माप व ती चित्रे जोडून निवेदन दिले. निवेदनावर पोच मिळाली, शिक्का बसला. इमारत अर्थातच जागची हलली नाही.

यातून काय साधले, असे विचारणाऱ्याला माझे उत्तर असे आहे. छाती कच्ची आहे हे वाक्य त्या खोलीत पुन्हा कुणी उच्चारले नाही. एका बाईने मुलीच्या औषधांचा डबा फ्रिजमागच्या सांदीतून काढून फ्रिजवर ठेवला, कारण रोग आता घराण्याची लाज राहिला नव्हता. क्षयाचे औषध अर्ध्यावर सोडण्याचे एक मोठे कारण ही लाजच असते, हे वस्त्यांत काम करणारी कोणतीही आरोग्यसेविका सांगेल. म्हणजे चित्राने गोळीची जागा घेतली नाही. गोळी पोटात जाण्याच्या वाटेवरचा एक दगड हलवला, आणि सोबत बोट इमारतीच्या नकाशाकडे वळवले. अभ्यासकांनी आकडेवारीने जे सिद्ध केले, ते या बायकांच्या काळ्या खिडक्यांत आधीच होते. फक्त ते एकत्र मांडून पाहण्याची सोय कुणीतरी करायला हवी होती. प्रत्येकीने आपले चित्र घरी एकटीने काढले असते तर? दहाबारा अंधाऱ्या खिडक्या म्हणजे दहाबारा दुर्दैवी बायका, एवढाच अर्थ निघाला असता.

इथवर मी जे बोलले त्याला हादरा देणारी एक घटना याच शहरात घडली आहे, आणि ती टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर उतरले आणि राज्य राखीव पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दहा माणसे मेली. चार दिवसांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. आयुष्यभर ज्याने गाण्यातून इतरांना उभे केले, दुःखाला नाव देणे ज्याच्याइतके क्वचितच कुणाला साधले, त्याला त्या गाण्याने तारले नाही. मग माझ्या कसोटीचे काय? ज्याला कारण पुरते कळले आहे, ज्याने ते चौकाचौकांत सांगितले आहे, तोही कोसळतो. एका माणसाच्या मृत्यूचे कारण बाहेरून सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु चळवळीविषयी एक गोष्ट यातून उघड होते. आपण शाहिराकडून गाणे घेतो, सभा तापवायला त्याला आधी उभे करतो, आणि सभा संपल्यावर तो कोणत्या गाडीने, कोणत्या मनःस्थितीत, खिशात किती पैसे घेऊन घरी जातो, हे पाहणे कुणाचेच काम नसते. अण्णा भाऊंच्या बाबतीतही हेच झाले. अशा वेळी उपचार ही बुर्झ्वा चैन आहे असे म्हणणाऱ्यांनी सांगावे, की संघटनेतला माणूस आतून मोडत असताना त्याच्याजवळ बसणे हे कोणत्या वर्गाचे काम आहे? निर्मिती आणि उपचार यांना एकमेकांपासून तोडले की काय होते, याचे याहून कठोर उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि ही जाण चळवळीला कधी नव्हतीच असेही नाही. परळला जे केईएम रुग्णालय १९२६मध्ये सुरू झाले, त्याच्याशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देताना तिथले अध्यापक भारतीयच असले पाहिजेत, अशी अट देणगीदारांनी घातली होती. वैद्यकीय सेवेच्या वरच्या जागा गोऱ्यांसाठी राखलेल्या असण्याच्या काळात रुग्णालय उभारणे हीच एक राजकीय कृती होती. त्याच गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेल्या कामगारांना खाणावळवाल्या बायका जेवू घालत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीच्या संपात मिल बंद, पगार बंद, तरी ताट बंद झाले नाही; बायकांनी अंगावरचे विकून, गहाण टाकून उधारीवर जेवण दिले. त्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. संप कुणी चालवला, असे विचारले तर आपण नेत्यांची नावे घेतो. त्यात चूक नाही. पण दुपारी भात मिळाला नसता तर पुढाऱ्यांचे भाषण ऐकायला संध्याकाळी मैदानात किती लोक उरले असते, हा प्रश्न संपाच्या डावपेचांचा आहे, भूतदयेचा नाही.

राहता राहिला बाजार. ‘स्वतःची काळजी’ या शब्दांची आज जी दुकानदारी चालते तिचा मलाही उबग आला आहे. कंपनी माणसे कमी करते, उरलेल्यांवर दुप्पट काम टाकते आणि मग शुक्रवारी संध्याकाळी त्यांना श्वासावर लक्ष केंद्रित करायला शिकवते. या वर्गात ताणाचे कारण कर्मचाऱ्याच्या श्वासात शोधले जाते, कामाच्या तासांत नाही. आणि कसोटी लावायची ती नेमकी इथे. कारण आत ढकलणारा उपचार सत्तेच्या कामाचा असतो. त्याच्या रागाने मानखुर्दच्या खोलीलाही झोडपणे म्हणजे बनावट औषधे विकली जातात म्हणून दवाखानेच बंद करा असे म्हणण्यासारखे आहे.

शेवटी हा वाद पैशांवर येतो आणि तिथेच तो खरा होतो. छोट्या संघटनेकडे मोजके पैसे असतात. ते सुनावणीच्या दिवशी लोकांना नेणाऱ्या बसला द्यायचे, की चित्रांच्या गटाच्या खोलीला, गट चालवणाऱ्या ताईच्या मानधनाला आणि स्केचपेनांना? माझे मत विचाराल तर ज्या महिन्यात सुनावणी आहे त्या महिन्यात बसला द्यावेत, तिथे दुमत असू नये. बाकीच्या महिन्यांत गटाला द्यावेत, आणि ते ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ या खात्यावर न टाकता मुख्य कामाच्या खात्यावर टाकावेत. गटाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी की सुनावणीच्या बसमध्ये ती कॅलेंडरे बरोबर घेतली जातील, आणि ‘पुरावा काय’ असे विचारले गेले की टेबलावर ती आधी ठेवली जातील, अहवाल त्यांच्यानंतर.